‘हात न लावता’ अंगावर उमटणारी खूण

गेले काही दिवस एक व्हिडिओ फॉरवर्ड होत फिरतोय. महाराज मंत्र म्हणतात आणि समोरच्या भक्ताच्या मिटलेल्या मुठीत विभूती निघते. खालच्या मजकुरात तीन दावे आहेत. हात न लावता दुसऱ्याच्या अंगावर खूण उमटवणं सिद्धीशिवाय शक्य नाही. अशी खूण धुतली तरी जात नाही. आणि ज्यांच्या घरात अंगावर आपोआप फुल्या उठतात, त्यांनी भानामती उतरवून घ्यायला यावं. तिसरा दावा वाचला आणि गप्प बसवेना.

‘हात लावलाच नाही.’ लावला होता, पण मंत्राच्या आधी. मी शाळांमधून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवतो, तेव्हा हाच प्रयोग पहिला घेतो. मधल्या बोटाच्या टोकाला अगरबत्तीची राख लावून ठेवलेली असते. एका मुलीला पुढे बोलावून हात पालथे धरायला सांगतो आणि ‘जरा वर घे, असे’ म्हणत तिचे हात धरून सारखे करतो. माझा अंगठा वर, मधलं बोट खाली, तिच्या तळव्याला. काम तिथेच झालेलं असतं. मग ती मुठी मिटते, मी चार पावलं मागे सरतो आणि मोठ्या आवाजात सांगतो की आता प्रयोग सुरू होतोय. मूठ उघडल्यावर विचारतो, ‘मी हात लावला का?’ सगळा वर्ग ‘नाही’ म्हणतो, ती मुलगीसुद्धा. ती खोटं बोलत नसते. हात सारखे करणं तिच्या लेखी प्रयोगात धरलेलंच नसतं, म्हणून ते आठवणीत राहत नाही. एकदा मात्र मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, तुम्ही आधी तिचे हात वर केले होते.’ त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं.

फिरणारा व्हिडिओ मूठ मिटलेली असते तिथूनच सुरू होतो.

‘राखेचं सोडा, अक्षर कसं उमटेल?’ साखरेच्या चौकोनी वडीवर पेन्सिलीने अक्षर गिरवायचं आणि ओलसर अंगठा त्यावर दाबायचा. अंगठ्यावर ते उलटं उमटतं, आणि तोच अंगठा दुसऱ्याच्या तळव्याला टेकला की तिथे पुन्हा सुलटं. वडी पाण्यात विरघळते, पुरावाही विरघळतो. हा खेळ जादूगारांमध्ये फार जुना आहे. मेंटॅलिस्ट, म्हणजे मनातलं ओळखल्याचे खेळ करणारे कलाकार, तो रंगमंचावर करमणूक म्हणून करतात, त्यात फसवणूक नाही.

‘धुतली तरी जात नाही.’ मतदान केलेल्या कोणालाही याचं उत्तर ठाऊक असायला हवं. १९६२ पासून आपल्या बोटाला लागणाऱ्या म्हैसूरच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. त्याचं पाण्यातलं द्रावण रंगहीन असतं. ते त्वचेवर लागलं की उजेडात हळूहळू काळं पडतं आणि वरची त्वचा झडेपर्यंत राहतं.

आता फुल्या. काही माणसांच्या त्वचेवर नखाने हलकी रेघ ओढली तरी काही मिनिटांत ती लाल होऊन फुगते आणि साधारण अर्ध्या तासात विरते. याला डर्मोग्राफिझम म्हणतात. शंभरातल्या दोन ते पाच जणांत हे आढळतं. पण भानामतीच्या घरांत बहुधा दिसते ती बिब्ब्याची फुली. बिब्बा आपल्या ओळखीचाच, धोबी कपड्यांवर खूण करतात तो. त्याच्या तेलाने होणारा दाह तत्काळ दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी लाल होते, फोड येतात. तोवर कोण कुठे बसलं होतं हे कोणाला आठवत नाही, आणि ‘घरात कोणी आलंच नव्हतं’ हे सगळे शपथेवर सांगतात.

ते खरंही असतं. बाहेरचं कोणी आलेलं नसतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत अनुभवलं आहे की हे घरातलंच कोणी करत असतं, आणि अनेकदा ज्याचं घरात कोणी ऐकत नाही असं माणूस. एखादी सासुरवाशीण किंवा शाळा अर्धवट सुटलेली पोर. तिला चारचौघांत उभं करून ‘तूच केलंस’ म्हणायचं नसतं. एकटीला शांतपणे बोलतं करायचं, तिचं ऐकून घ्यायचं, फोडांवर त्वचेच्या डॉक्टरांकडून औषध आणायचं. उताऱ्याच्या बैठकीत याच्या नेमकं उलट होतं. तिथे शेजारणीचं किंवा भावकीतल्या विधवेचं नाव घेतलं जातं, आणि ती बाई गावात राहूनही गावाबाहेर पडते.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यासाठीच आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा उकळणं आणि कोणावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हे दोन्ही त्यात गुन्हे आहेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हा मजकूर तुमच्या गटात आला असेल आणि कोणी त्या पत्त्यावर निघालं असेल, तर त्यांना आजच फोन करा.