वरून काय देता?

दारव्ह्याच्या स्टँडवर एसटीत जागा धरायची एक रीत आहे. बस फलाटाला लागायच्या आत तिच्या बाजूनं पळायचं आणि खिडकीतून दुपट्टा आत फेकायचा. जिथं दुपट्टा, तिथं मालकी. मग दाराशी कितीही रेटारेटी होऊ द्या, आपण सावकाश चढायचं. दुपट्ट्यावर कोणी बसलेलं सापडलं तर भांडायचा हक्क आपला, आणि भांडण आटोपल्यावर "सरका जी थोडं" म्हणून त्याच्याच शेजारी टेकायचा हक्कही आपलाच. तिघांच्या बाकावर चौथा मावतो, लेकरू असेल तर पाचवंही. पंचावन्न वर्षं मी असाच फिरलो. माझ्या नावाची, माझ्या नंबरची, फक्त माझी अशी सीट मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली ती नागपूर-पुणे विमानात. ती मी साडेतीन मिनिटांत घालवली.

झालं असं, की पुण्याला लेक बाळंत झाली. बायको दोन महिने आधीच तिकडे जाऊन बसलेली. बारशाला मी आणि माय असे दोघंच निघालो. माय शहात्तरची. ऑगस्ट 2022 मध्ये पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट झाली, तिचं वय त्यात बसल्यापासून ती काही काम नसलं तरी यवतमाळला चक्कर मारून येते. विमानाचं तिकीट निघालं म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न: "आधार कार्ड दाखवलं का त्यायले?"

तिकीट लेकीनं पाठवलं. चेक-इन करायला मात्र मी गावातल्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. सातबारा, पीकविमा, केवायसी, सारं तिथलाच पोट्टा करतो. विमानही त्यानंच करावं असं मला वाटलं. सीट निवडायचे पैसे वेगळे पडतात हे मला माहीत नव्हतं. खिडकीचे इतके, पुढच्या रांगेचे तितके, पाय लांब करायचे त्याहून जास्त. "काकाजी, पैशावाल्या साऱ्या सोडल्या," तो छाती फुगवून म्हणाला. "मशीननं फुकटात देल्ल्या त्या घेतल्या." मशीन त्या दिवशी खुशीत असावं. मला आठ-सी मिळाली, मायला बावीस-ए. मी पुढं, मधल्या वाटेच्या कडेला. माय मागं, खिडकीला. मधात तेरा रांगा. "दोघं शेजारी नाही का बसवता येत?" तर म्हणे, "एकाच विमानात तं हायेत ना."

नागपूरच्या विमानतळावर तपासणीत मायच्या पिशवीतला अडकित्ता सापडला. धारदार वस्तू जवळ ठेवता येत नाही, मोठ्या बॅगेत टाकायला हवी होती. ती बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून आत गेलेली. वर्दीतल्या पोरीनं बिचारीनं 'आजी, आजी' करत समजावलं. मायनं सारं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी का त्या पायलटले अडकित्त्यात धरणार हाओ?" अडकित्ता तिच्या सासूचा होता. तो तिथल्या डब्यात पडल्याचा आवाज आला तेव्हा माय काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घरात आम्ही सगळे आपापल्या कामाला लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मायला बावीसमध्ये बसवायला तिच्या मागून गेलो असतो तर पुढचं सारं टळलं असतं. पण आठवी रांग आधी आली. "तू हो पुढं," असं तिला म्हणून मी माझी सीट नुसती डोळ्यांनी बघायला थांबलो. तिथं एक तरुण बसलेला. पट्टा बांधून. शेजारी त्याची बायको, नवं लग्न, हातावर मेंदी.

"अंकल, आम्ही सोबत आहोत ना. माझी सव्वीस-बी आहे. चालेल ना?"

आता शहाणा झाल्यावर सांगतो. सीट बदलून मागायची तर उभं राहून मागावी, बसून नाही. बसून मागणं म्हणजे दुसऱ्याच्या धुऱ्यावर नांगर घालून मग 'चालेल ना?' विचारणं. समोरचा 'हो' म्हणेल तर भला, 'नाही' म्हणेल तर त्यानंच तुम्हाला उठवायचं, म्हणजे वाईटपणा त्याच्याकडे. शिवाय बी म्हणजे मधली सीट. तीन-तीनच्या रांगेत ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेच्या, उरलेल्या बी आणि ई या कोणाच्याच नव्हेत. दोन्हीकडून कोपर, आणि हाताचे दांडे दोन्ही शेजाऱ्यांनी आधीच वाटून घेतलेले. आमच्या अमरावतीला बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं ते लहान, एटीआर. त्यात दोन-दोनच सीटा, मधली भानगडच नाही. वऱ्हाडाला विमान उशिरा मिळालं पण शहाणं मिळालं.

हे शहाणपण तेव्हा नव्हतं. तोंडातून पंचावन्न वर्षांच्या सवयीनं निघालं, "बसा बसा, काही हरकत नाही." चार पावलं गेल्यावर मागं वळून बघितलं. दोघांच्या कानात कापसाच्या बोंडांसारखं पांढरं पांढरं काहीतरी, आणि दोघं आपापल्या मोबाइलमध्ये.

बावीसजवळ पोचलो तर तिथं बाजार भरलेला. बी वर लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेला एक पोरगा, सी वर त्याचे साहेब. साहेबांना मायची खिडकी हवी होती.

"आजी, तुम्ही इकडे बसता का? इथून उठायला-बसायला सोपं पडेल तुम्हाला."

ही आणखी एक तऱ्हा. मागणाऱ्याला आपली नड सांगायची लाज वाटते, म्हणून तो समोरच्याचा फायदा सांगतो. माय अडकित्ता गमावून आलेली.

"मले कायले उठा लागते? वावरात दिवसभर बसून निंदण करतो आम्ही."

"नाही, म्हणजे मला जरा फोटो काढायचे होते वरून."

"असं सांगा ना मंग." माय सावरून बसली. "वरून काय देता?"

साहेबांना वाटलं, ती फोटोबद्दल विचारते आहे. मला मात्र पक्कं कळलं. आमचे बाबा बैलबाजारात अदलाबदली करायचे तेव्हा माय सोबत असायची. तिथं जोडीला जोडी कधी बरोबरीची नसते. एकाचा बैल जोमात असतो, दुसऱ्याचा दातांनी उतरलेला. मग ज्याचा उतरलेला, त्यानं बैल द्यायचा आणि वरून पैसे द्यायचे. किती, ते दुपट्ट्याखाली बोटं दाबून ठरतं, आजूबाजूच्यांना आकडा कळू नये म्हणून. ठरलं की इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम. इसार घेतला की विकणारा फिरू शकत नाही, आणि घेणारा फिरला तर इसार बुडाला. विमानातल्या सीटांच्या अदलाबदलीसाठी याहून सरळ कायदा मला कुठं दिसलेला नाही. खिडकी म्हणजे जोमातला बैल. वाटेची सीट जरा कमी. मधली म्हणजे दावणीला बांधून ठेवायचा.

माझ्या खिशात तेव्हा तोच दावणीचा होता. तरी बी वरच्या पोराला म्हटलं, "बाबू, मायचा पहिला प्रवास आहे, माझी सव्वीस-बी घेतो का?" त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी लॅपटॉपकडे बघितलं. काम होतं म्हणे. आठ-सी हातात असती तर पुढची, वाटेची सीट द्यायची होती. साहेबाला सोडून धावला असता. पण नाही म्हणाला तेही नीटच म्हणाला, तोंड न वाकडं करता. मागणारानं विचारावं, देणारानं नको म्हणावं, विषय संपावा. दुसऱ्यांदा विचारलं की ती विनंती राहत नाही, वसुली होते.

"तू जाय," माय मला म्हणाली. "मी पाह्यतो यायचं."

सव्वीसवर, वाटेच्या पलीकडं, एक बाई आणि तिचं सात-आठ वर्षांचं पोरगं. बारा वर्षांपर्यंतच्या लेकराला त्याच तिकिटावरच्या आईबापांपैकी एकाशेजारी जागा द्या, असं डीजीसीएनं, म्हणजे विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, 2024 मध्ये कंपन्यांना बजावलंय, म्हणून आईलेकरू सोबत होते. बापाबद्दल नियमात काही नाही. बाप तेराव्या रांगेत, पंखावरच्या दाराजवळ. बाईनं माझ्याकडे नुसतं बघितलं, माझा 'बसा बसा' सुटला. बाप आला, मी तेरावर गेलो. आणि तिथं गेल्यावर कळलं की देव आहे. पाय लांब केले तरी समोरची सीट लागत नव्हती! ज्या जागेचे पैसे सगळ्यात जास्त, ती 'काही हरकत नाही' म्हणता म्हणता पदरात पडलेली.

दोन मिनिटं पडलेली होती. मग हवाई सुंदरी आली. या रांगेत बसणाऱ्यानं वेळ आली तर दार उघडायचं असतं. दार पंधराएक किलोचं, उचलून बाहेर टाकायचं. तयारी आहे का? पंधरा किलो म्हणजे युरियाच्या गोणीचा तिसरा हिस्सा. मी हसलोच. "हाव, का नाही जी."

"सर, चालायला-उठायला काही त्रास?"

इथं गप्प बसायचं असतं. पण आमच्याकडे कोणी तब्येत विचारली की पूर्ण सांगायची पद्धत आहे. उजवा गुडघा कसा धरतो, यवतमाळचे डॉक्टर काय म्हणाले, कोणतं तेल लावतो, सारं सांगितलं. तिनंही सारं ऐकलं, आणि अतिशय गोड आवाजात मला तिथून उठवलं. ज्याला स्वतःच्या गुडघ्याचा भरवसा नाही त्याच्या भरवशावर दार ठेवता येत नाही. चूक तिची नव्हतीच. शिवाय या रांगेत कोण बसणार हे विमानातली माणसं ठरवतात, बाप आणि मी ठरवून उपयोग नसतो. ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"मग आता कुठं बसू? ती आठमध्ये एक माझी आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, आता उड्डाणाची वेळ झाली, सगळ्यांनी इकडून तिकडे फिरायचं नाही, वजनाचा हिशोब असतो. हे मात्र मला लगेच पटलं. बंडीत भार मागं गेला की बंडी उलाळ होते आणि बैलांचे पाय उचलले जातात; पुढं आला तर सारा भार त्यांच्या मानेवर. विमानाला बैल नाहीत एवढंच. तिनं तिच्या हिशोबात मला तीस-बी दिली. शेवटची रांग, मधली सीट, पाठ मागं न जाणारी, आणि पाठीमागं लगेच संडास. दीड तास त्या दाराची कडी वाजत होती, आणि रांगेत उभे असलेले लोक आळीपाळीनं माझ्या डोक्यावर हात टेकवत होते. खिडकीवाल्यानं दोनदा जाऊ द्या म्हटलं. मी दोन्ही वेळा उठलो, गुडघा धरून, "बसा बसा" म्हणत.

पुण्याला पट्ट्यावर बॅगेची वाट बघताना माय भेटली. एकदम टवटवीत. हातात एक सँडविचचं रिकामं खोकं आणि अर्धी भरलेली ज्यूसची बाटली.

"दिली का खिडकी?"

"देऊन ऱ्हायली होती ना. जागेवर जागा, वरून सँडविच अन् ज्यूस, असं ठरलं. सँडविच त्यायनं आधी देल्लं. मी उठाले गेली तं ते पोरगी म्हणे, पट्टा बांधून बसा. बसली. मंग वर गेल्यावर दिवा बुजला."

"मग?"

"तवर साहेब झोपले ना बाप्पा. घोरून ऱ्हायले होते."

"उठवायचं नाही का?"

मायनं ज्यूसचा एक घोट घेतला. पट्ट्यापलीकडे साहेब डोळे चोळत आपली बॅग शोधत होते.

"मी कायले उठवू? इसार माह्याकडे होता. सौदा त्यायनं मोडला."