फूल बाजार हलवा म्हणे

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज फिरतोय. दादर स्टेशनबाहेरचा फूल बाजार दुसरीकडे हलवावा, अशी महापालिकेला विनंती. कारणं नेहमीचीच. चालायला जागा नाही, पायाखाली चिखल, कुजक्या पानांचा वास, टेम्पो कसेही उभे, टॅक्सी आत यायला तयार नाही. खाली सह्यांची लांबलचक यादी आणि "ताई, तुमचीच राहिली" असा मला प्रेमळ टोमणा. ग्रुपवर एवढं लांब कुणी वाचत नाही, नुसते अंगठे येतात, म्हणून इथे लिहितेय.

मी सही करणार नाही. तक्रारी खोट्या आहेत असं मुळीच नाही. मीही त्या चिखलातूनच स्टेशन गाठते आणि पावसाळ्यात साडीचा काठ हातात धरून चालते. पण अर्ज लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा बाजार सकाळी साडेनऊला ऑफिसला जाताना पाहिलाय. त्या वेळी आपल्याला दिसते ती पंगत उठल्यानंतरची जागा. जेवण कधीच झालेलं असतं.

वैशाखात भाचीचं लग्न होतं. डेकोरेशनवाल्याने फुलांचा जो आकडा सांगितला तो ऐकून माझी बहीण खुर्चीत बसली आणि मी म्हटलं, चल, आपणच आणू. पहाटे साडेचारला आम्ही सेनापती बापट मार्गावर होतो. केशवसुत उड्डाणपुलाखाली आणि मीनाताई ठाकरे मंडईच्या आतबाहेर पिवळ्या दिव्यांत इतकी माणसं होती की बहीण म्हणाली, "अगं, आज काय आहे?" काहीच नव्हतं. साधा बुधवार होता.

आत शिरल्यावर पहिलं लक्षात येतं ते हे, की हा एक बाजार नाहीच. तीन वाटांनी आलेला माल इथे गाठ घेतो.

पहिली वाट रस्त्याची. घाटावरचा माल रात्रीच टेम्पोने येऊन पडलेला असतो. जुन्नर, नाशिक, सातारा इकडचा गोंडा (झेंडू म्हटलंत की भाव दोन रुपये वर सांगतात, असा माझा जुना संशय आहे), पुरंदर-दौंडकडची गुलछडी, मावळातल्या पॉलीहाऊसमधले डच गुलाब आणि जरबेरा. गुलाबाच्या गड्ड्या पुठ्ठ्यात गुंडाळून खोक्यांत, गोंडा पोत्यात. हे काम गाळेवाल्यांचं आणि हमालांचं. शेतकरी समोर नसतो. त्याच्यापर्यंत जाते ती पट्टी, म्हणजे माल किती, भाव काय, हमाली-तोलाई-आडत वजा होऊन हातात काय, एवढा कागद.

दुसरी वाट पश्चिम रेल्वेची. वसई, विरार, पालघर, डहाणू. पहाटेच्या पहिल्या गाड्यांच्या मालडब्यातून बायका पाट्या घेऊन उतरतात. ओल्या फडक्याखाली सोनचाफा, मोगरा, जास्वंद, तुळस.

तिसरी वाट मध्य रेल्वेची. कसारा, आसनगाव, कर्जत. तिथून कातकरी आणि ठाकर बायका बेल, दुर्वा, आंब्याचे टाळे, रुईची पानं घेऊन येतात. गौरी-गणपतीत तेरडा आणि पत्री, दसऱ्याला आपटा (त्यात अर्धा कांचन असतो, पण सोनं म्हणून लुटायला आपल्याला तोही चालतो), मार्गशीर्षातल्या गुरुवारांना पाच प्रकारचे डहाळे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिम आणि मध्य रेल्वे एकमेकींना भेटतात असं मुंबईतलं मोठं स्टेशन कोणतं? दादर. वसईचा चाफा आणि कसाऱ्याचा बेल एकाच पुलावरून चालत एकमेकांना भेटतात ते इथे. फक्त माल नव्हे, गिऱ्हाईकही तसंच येतं. घाटकोपरची गजरेवाली, बोरिवलीत देवळाबाहेर बसणारा हारवाला, डोंबिवलीत सायकलवर फुलपुड्या टाकणारा पोऱ्या, सगळे पाच-साडेपाचला येतात आणि सहा-साडेसहाची गाडी पकडून आपापल्या ठिकाणी जातात. आपण सात वाजता दाराची कडी काढतो तेव्हा पुडी लटकलेली असते, ती अशी. बाजार स्टेशनला चिकटून बसलाय म्हणून आपली कुरकुर आहे, पण स्टेशनशिवाय हा बाजार भरलाच नसता.

सोनचाफ्यावर जरा थांबते, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं. वसईकडच्या एका मावशीकडून आम्ही शेकड्यावर चाफा घेतला. फुलं काढता कधी, विचारलं. रात्री दोन-अडीचला, बॅटरी लावून. संध्याकाळी का नाही? संध्याकाळी कळी कच्ची असते, उजाडल्यावर फूल उमलून पसरतं आणि पाकळी दुमडली की डाग पडतो. म्हणजे अंधारात काढायचं, उजाडायच्या आत विकायचं आणि घेणाऱ्याने दुपारच्या आत कुणाच्या तरी केसांत किंवा देवासमोर पोचवायचं. कांदा चाळीत ठेवता येतो, बटाटा शीतगृहात. चाफ्याला कोण ठेवणार? मोगऱ्याचंही तेच, कळी मिटलेली आहे तोवर पैसे.

म्हणून इथे भाव दिवसाचा नसतो, तासाचा असतो. आम्ही पोचलो तेव्हा पिवळा गोंडा 60 रुपये किलो होता. बहिणीने घासाघीस केली, गोंडेवाला हलला नाही. "आत्ता भवानी व्हायचीय, ताई." सव्वासातला त्याच पोत्यातला गोंडा तो 40 ला देत होता आणि निघताना मागून हाक आली, "तीस देऊन टाका, घेऊन जा." त्याचं पुढे काय होतं तेही पाहिलं. जे उरतं ते तिथेच टाकून माणूस गाडी पकडतो, कारण परत न्यायचं भाडं मालापेक्षा जास्त. साडेनऊला आपण ज्या चिखलावरून नाक मुरडत जातो तो कुणाचा तरी न खपलेला माल असतो.

मावशीला मी मुद्दामच विचारलं, "तुम्हाला वाशीला छान पक्की जागा दिली तर जाल?" तिने चाफे मोजता मोजता मान वर केली. "वाशीला विरार लोकल जाते का गं?"

ह्या प्रश्नाला अर्जात उत्तर नाही. भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याहून वाशीला गेला, मग फुलांना काय झालं, असं आमचे एक काका म्हणाले. काका, भाजी ट्रकने जाते. जो ट्रक पुण्याहून दादरला येतो तो आनंदाने वाशीला थांबेल, त्याचा तर खाडीपूलही वाचेल. घाटावरचा माल, गाळे, टेम्पो हे सगळं उचलून कुठेही ठेवता येईल. उचलता येणार नाही ती पाटी. डोक्यावर पाटी घेऊन विरारहून वाशीला जायचं तर मध्ये गाडी बदला, जिने चढा-उतरा, आणि पोचेपर्यंत सातच्या पुढे. तोवर घाटकोपरची गजरेवाली आपल्या जागेवर जाऊन बसलेली असणार. 'बाजार हलवा' याचा प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की टेम्पोवाले राहतील आणि पाटीवाल्या गळतील. मग चाफा, जास्वंद, बेल, दुर्वा मिळणार नाहीत असं नाही. मिळतील, प्लास्टिकच्या डबीत, ॲपवर, तिप्पट दराने. बाजार सुधारला असं आपण म्हणू.

आणि ह्या बाजाराला आठवडा आहे, तोही आपल्यामुळेच. सोमवारी बेल, मंगळवारी सिद्धिविनायकासाठी जास्वंद आणि दुर्वा, बुधवारी माहीमच्या चर्चच्या नोव्हेना प्रार्थनेसाठी हार, गुरुवारी पिवळी फुलं, दर्ग्यासाठी चादर, शुक्रवारी वेण्या-गजरे, शनिवारी मारुतीला रुईची माळ. गाळेवाल्याकडे पंचांगाचं पान टांगलेलं असतं ते भक्तीपोटी असेलही, पण धंद्यापोटी नक्की आहे. शेतकरीही दसरा कधी आहे ते पाहून दोन महिने आधी झेंडूची रोपं लावतो. ऐन वेळी परतीचा पाऊस आला की भिजलेलं फूल काळं पडतं. आणि आपण मात्र त्या सकाळी बातम्यांत "झेंडूने गाठली शंभरी" ऐकून च्च च्च करतो.

25 मार्च 2020 आठवतोय? गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्यासाठी वाढवलेली फुलं शेतात उभी होती आणि बाजार बंद. नंतर कितीतरी शेतकऱ्यांनी उभ्या फुलांवर ट्रॅक्टर फिरवला. आपण तेव्हा गॅलरीत थाळ्या वाजवून झालो होतो आणि देवाला हार नाही म्हणून ग्रुपवर हळहळत होतो. बाजार नसला तर काय होतं हे आपण एकदा पाहिलेलं आहे, म्हणून आठवण करून दिली.

आता गर्दीचं. हा मुद्दा मला झटकून टाकायचा नाही. 29 सप्टेंबर 2017 ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेजारच्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आताच्या प्रभादेवीच्या) पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. कुणाची तरी फुलं पडली, "फूल गिर गया" अशी ओरड झाली आणि लोकांनी "पूल गिर गया" ऐकलं, असं त्यातून बचावलेल्या एका मुलीने चौकशीत सांगितल्याचं तेव्हा छापून आलं होतं. मी ते कात्रण बरेच दिवस ठेवलं होतं. पण त्यातून शिकायचं काय? पाऊस होता, जिना अरुंद होता, गाड्यांमागून गाड्या येत होत्या आणि उतरायला जागा नव्हती. पुढे लष्कराला बोलावून काही महिन्यांत तिथे नवा पूल उभा केला. म्हणजे पूल बांधता येत होता. तो आधी बांधला नाही, ही गोष्ट फुलवाल्यांच्या नावावर का घालायची?

त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली, हे आमच्या अर्जात ठळक अक्षरात आहे. बरोबर आहे. पण 2014 चा पथविक्रेता कायदाही आहे, तो अर्जात बारीक अक्षरातसुद्धा नाही. त्या कायद्यात 'नैसर्गिक बाजार' नावाची गोष्ट आहे, म्हणजे घेणारे आणि विकणारे वर्षानुवर्षं जिथे जमत आले ती जागा. सर्वेक्षणात असा बाजार आढळला तर तिथे 'ना-फेरीवाला क्षेत्र' जाहीर करू नये, असं त्याच्या पहिल्या अनुसूचीत लिहिलंय. दादरचा फूल बाजार नैसर्गिक नसेल तर मग मुंबईत नैसर्गिक काय उरलं, समुद्र?

एक सांगायचं राहिलं. त्याच गल्लीत आता प्लास्टिकच्या फुलांची दुकानंही आहेत. झेंडूच्या माळा, मोगऱ्याचे गजरे, ऑर्किड, सगळं. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर देशात जी बंदी आली, तिच्या यादीत सजावटीचं थर्माकोल आहे, प्लास्टिकची फुलं नाहीत. ही फुलं कुठेही हलवा, त्यांचं काही बिघडत नाही. त्यांना ना पहाट लागते ना विरार लोकल. बाजार हलवायचा झालाच तर सुरुवात त्यांच्यापासून करू या.

भाचीच्या लग्नाचं म्हणाल तर फुलं भरपूर आली, डेकोरेशनवाल्याच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. टॅक्सीवाला आत आला नाही हे खरंच. टिळक पुलापर्यंत पोती आम्हीच ओढत नेली आणि बहीण आठवडाभर कंबर धरून होती.

तर माझं म्हणणं. अर्ज करायचाच आहे ना, मग करू. पहाटे तीन ते आठ ही बाजाराची वेळ म्हणून मान्य करा आणि चालणाऱ्यांसाठी एका बाजूची पट्टी रंगवून मोकळी ठेवा. टेम्पो सहाच्या आत रिकामे होऊन निघाले पाहिजेत, त्यात सवलत नको. ओला कचरा नऊच्या आत उचला, तो दिवसभर पडला तरच कुजतो. आणि पहाटे तीनला उघडं असेल असं बायकांसाठी स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ द्या. मावशीला मी तेही विचारलं होतं. ती म्हणाली, "निघायच्या आधी पाणीच पीत नाही बाय." रात्री दोनला उठलेली बाई सकाळी नऊपर्यंत पाणी पीत नाही, आणि आपल्या अर्जात चिखलाला दोन परिच्छेद दिलेत.

मसुदा मी लिहिते, शुद्धलेखन सातव्या मजल्यावरच्या बाई तपासतीलच. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली नाव टाका, आधीच्या अर्जावर केली असलीत तरी चालेल. आणि आपल्या बी विंगमधल्या वकीलसाहेबांनी त्या अनुसूचीचं कलम नीट शोधून दिलं, तर यंदा त्यांच्या गणपतीचा हार माझ्याकडून.