घाटावरचा पाहुणा

सांगलीच्या माणसाला नदीला पाणी किती, असं सहज म्हणून विचारू नये. तो फूट-इंचात सांगतो, आणि कालचं किती होतं तेही सांगतो. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. माझी आई सत्तरी ओलांडलेली. पावसाळ्यात फोन करून तब्येत विचारावी, तर ती कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते सांगते, मग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा यथेच्छ उद्धार करते, आणि गुडघ्याचा विषय निघेपर्यंत माझं स्टेशन आलेलं असतं. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हापासून तिने कपाटाचा खालचा कप्पा रिकामाच ठेवलाय.

अशा घरात मे महिन्याच्या सुट्टीत, ठाण्याहून आल्या आल्या मी जाहीर केलं, "उद्या सकाळी मी आणि चिरंजीव नदीवर पोहायला जाणार."

"नदीत? डोकंबिकं फिरलंय का तुझं?" आई म्हणाली.

हे कोण म्हणतंय बघा! जिने माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला शेजारच्या अण्णांच्या हवाली केलं आणि वर सांगितलं, "रडला तरी काढू नका," तीच ही माउली. अण्णांची पद्धत सोपी होती. कमरेला दोर, पाठीला डबा, आणि मागून एक ढकल. नाकातोंडात पाणी जाऊन वर आलं की विचारायचे, "काय रे, गोड आहे का?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की पुन्हा ढकल. डबा सुटला म्हणजे आमची खरी मुंज. त्यानंतर मोठ्या पोरांच्या कट्ट्यावर बसायची परवानगी मिळायची. पुरात आयर्विनवरून उड्या टाकणारी पोरं तर आमची दैवतं. हा पूल 1929 चा, दगडी, भक्कम, आणि त्यावरून उडी मारलेल्याला आयुष्यभर दुसरं काही कर्तृत्व दाखवावं लागत नाही. मी कधी मारली नाही. मुलाला मात्र सांगताना "आम्ही उड्या मारायचो" असं अनेकवचन वापरतो.

सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून घाटावर पोचलो. मधल्या काळात कुणीतरी पायऱ्या उंच केल्या असाव्यात असा माझा दाट संशय आहे. चिरंजीव मोबाईल सांभाळत टणाटण उतरले. मी तिरका, एकेक पायरी घेत, वाटेत देवळांची शिखरं न्याहाळण्याचं निमित्त करून थांबत उतरलो.

खाली एक म्हातारबुवा दातांना मशेरी लावत बसले होते. त्यांनी माझ्या बर्म्युडाकडे बघितलं.

"पाव्हणं, कुठलं?"

"पाहुणा नाही हो. इथलाच मी. गावभागातला."

"मग मगर म्हाईत नाही व्हय?"

मगर मला माहीत होती, पण बातम्यांतली. म्हातारबुवांना ती शेजारीण असल्यासारखी माहीत होती. "तिचं भ्या न्हाई. ती हरिपूरच्या अंगाला असती, संगमाकडं."

"कुठलं हरिपूर?" कपडे पिळणाऱ्या मावशी मध्येच म्हणाल्या. "परवा त्या तिथं पडलीवती की उन्हाला."

"ती दुसरी!"

म्हणजे दोन. मग एक सायकलवाले आले, त्यांनी भिलवडीकडची तिसरी काढली. लांबीवरून वाद पेटला. माझ्या पोहण्याचा विषय केव्हाच मागे पडला होता आणि मला, खरं सांगायचं तर, ते बरंच वाटत होतं. पण चिरंजीव म्हणाले, "बाबा, व्हिडिओ चालू केलाय."

उतरावंच लागलं. सूर मारायचा बेत मी जागेवरच रद्द केला. तळाला गाळ, तो बोटांच्या बेचक्यांतून वर येतो, गार आणि तुळतुळीत. पायाला काहीतरी लागलं. जलपर्णीचं मूळ होतं, पण ते कळेपर्यंत मी काठापासून बराच आत गेलो होतो, तेही विक्रमी वेळात. आत पोचल्यावर धाप लागली. दंड भरून आले. शेजारून पाठीला प्लास्टिकचा कॅन बांधलेलं एक पोरगं सपासप निघून गेलं आणि जाता जाता म्हणालं, "काका, हात मारा की! निस्तं पाय काय झाडताय?"

"डबा सुटला नाही अजून तुझा," असं मी त्याला सुनावणार होतो, पण तोंड उघडलं आणि अण्णांची आठवण झाली. शेवटी दमून पाय खाली सोडले, तर पाणी कमरेएवढं. काठावर मगरींचा वाद थांबवून सगळे माझ्याकडे बघत होते. मावशींनी तोंडाला पदर लावला होता.

वर येईपर्यंत व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेलेला. बहिणीने हसून लोळणारे चेहरे पाठवले, मेव्हण्यांनी 'पट्टीचा पोहणारा' लिहून पुढे टाळ्या. सगळ्यात खाली आईचा मेसेज होता : 'पाहुण्यांसाठी ठेवलेला नवा टॉवेल तूच नेलास ना?'