‘एस एकदाच येतो’ हा नियम नाही

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं की साध्या वर्तमानकाळात एस एकदाच येतो, नामाला लागला तर क्रियापदाला नाही; आय आणि यू हे अपवाद; गोंधळ झाला तर क्रियापदाला लागून असलेलं नाम पाहावं; आणि कारण शोधू नये, कारण इंग्रजी आहेच विचित्र. हे एकदा डोक्यात बसलं की काढायला फार वेळ जातो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

‘एस एकदाच येतो.’ मग ‘द बस स्टॉप्स हिअर’चं काय करायचं? कर्त्याच्या शेवटी एस, क्रियापदाच्याही शेवटी एस, आणि वाक्य निर्दोष. उलट ‘चिल्ड्रन प्ले’मध्ये एकही एस नाही. बसमधला एस तर मूळ शब्दाचाच भाग आहे; नामाला जोडलेला एस अनेकवचन दाखवतो, क्रियापदाचा एस तृतीय पुरुषी एकवचन. दोन वेगळे प्रत्यय, दिसायला सारखे. मराठीत ‘ते मूल’ आणि ‘ते मुलगे’ यांतला ‘ते’ सारखाच दिसतो, पण म्हणून आपण मूल आणि मुलगे यांचं वचन एक मानत नाही.

‘आय आणि यू अपवाद आहेत.’ या वाक्यानं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. नियमच तृतीय पुरुषी एकवचनाचा आहे. आय प्रथम पुरुषी, यू द्वितीय पुरुषी; दोघं नियमाच्या कक्षेत येतच नाहीत, तर अपवाद कसे ठरतील? ‘मी जाते, तू जातेस, ते जातात’ असं बोलणाऱ्या मराठी माणसाला पुरुषानुसार क्रियापद बदलतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्याला फक्त आठवण करून द्यायची असते.

यूची गोष्ट तर आपल्याला घरचीच वाटावी. जुन्या इंग्रजीत एकट्याला ‘दाउ’ म्हणत आणि क्रियापदाला त्याचा वेगळा प्रत्यय लागे : ‘दाउ गोएस्ट’. यू मुळात अनेकवचनी. पुढे आदरानं एकट्यालाही यू म्हणू लागले, आपण एकट्याला ‘तुम्ही’ म्हणतो तसं, आणि हळूहळू प्रमाण भाषेतून दाउ गेलं. समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ म्हणतात ते त्यामुळे. आपणही ‘तुम्ही आहात’ म्हणतो, ‘तुम्ही आहेस’ नाही.

‘लागून असलेलं नाम पाहा.’ ‘वन ऑफ द विंडोज इज ओपन’ इथे लगतचं नाम विंडोज, पण कर्ता वन. ‘खिडक्यांपैकी एक उघडी आहे’ म्हणताना आपण चुकत नाही, मग तिथेच का चुकावं? ऑर किंवा नॉरनं जोडलेल्या कर्त्यांत मात्र लगतचा कर्ता पाहण्याची रीत आहे : ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स आर हिअर’. ती रीत सगळीकडे ओढून नेणं ही चूक.

‘कारण शोधू नका.’ कारण आहे, आणि ते सुंदर आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक पुरुषाला प्रत्यय होता. ते झिजत गेले. तृतीय पुरुषी एकवचनाचा तेवढा टिकला. तोही दक्षिणेत आधी ‘एथ’ होता, आणि १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘हॅथ’, ‘सेथ’ अशी रूपं आजही वाचायला मिळतात. एस आला तो उत्तर इंग्लंडच्या बोलींतून. ‘शी कॅन’, ‘शी मे’ यांना एस का नाही, याचंही उत्तर इतिहासातच सापडतं : ही रूपं मुळात भूतकाळी घडणीची, आणि तृतीय पुरुषाचा हा प्रत्यय त्या घडणीला कधी लागतच नव्हता.

‘डझ शी गो’मध्ये गोजचा एस कुठे गेला, असं मुलं विचारतात. तो डझमध्ये आहे. वर्तमानकाळ आणि पुरुष यांचं ओझं सहायक क्रियापदानं उचललं, म्हणून गो मोकळं राहिलं.