प्रतिक्रियेला उत्तर: "दोन कमांडचं काम, त्याला एवढं पाल्हाळ कशाला?"

नमस्कार दादा, प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना वर स्क्रोल करायला नको म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. एलव्हीएमवर (लिनक्समध्ये डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी सोय) व्हॉल्यूम, म्हणजे त्यातला एक वाटा, वाढवायचा तर एलव्हीएक्स्टेंड -आर, कमी करायचा तर एलव्हीरिड्यूस -आर, धाकधूक वाटली तर आधी एक स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) काढायचा आणि बिनधास्त एंटर मारायचा, मी मात्र बॅकअप, अनमाउंट (व्हॉल्यूम वापरातून सोडवणं), एफएससीके (फाइलसिस्टिमची तपासणी) असलं सगळं घुसडून नवीन पोरांना घाबरवतो. आणि वर "व्हीजीत (ज्यातून व्हॉल्यूमना जागा मिळते तो सामाईक साठा) थोडी जागा मोकळी ठेवा" असं सांगतो म्हणजे पैसे देऊन घेतलेली डिस्क वाया घालवायला सांगतो.

वाढवण्याबद्दल तुमच्याशी भांडण नाहीच. फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) ईएक्सटी४ असो की एक्सएफएस, माउंट असताना, डेटाबेस चालू असताना सुद्धा वाढतं, -आर लावलं की फाइलसिस्टिम पण सोबत वाढते, मागे वेगळं रिसाइझ२एफएस किंवा एक्सएफएस_ग्रोएफएस चालवायला नको. व्हर्च्युअल मशीनची डिस्कच मोठी केली असेल तर आधी पार्टिशन वाढवायचं आणि मग पीव्हीरिसाइझ (एलव्हीएमला ती नवी जागा कळवणं), एवढंच काय ते जास्तीचं. फक्त -एल १०जी आणि -एल +१०जी यातला तो प्लस विसरू नका, एक म्हणजे एकूण १० आणि दुसरं म्हणजे आहे त्यात १० ची भर. इथे प्लस विसरलात तरी एलव्हीएक्स्टेंड फार तर नाही म्हणतो, कारण तो कमी करतच नाही. तोच घोळ एलव्हीरिड्यूसला मायनस विसरून केला की ५०० जीबीच्या व्हॉल्यूममधून १० काढायला जाता आणि १० च ठेवायला सांगून बसता.

माझा मुद्दा एवढाच की कमी करणं म्हणजे वाढवण्याची उलटी कमांड नव्हे. ते वेगळंच काम आहे.

तुमचा एलव्हीरिड्यूस -आर ईएक्सटी४ वर चालतो, मान्य. पण तो आत काय करतो बघा ना, अनमाउंट करतो, एफएससीके चालवतो, रिसाइझ२एफएसने फाइलसिस्टिम आधी लहान करतो आणि मग व्हॉल्यूम कापतो. म्हणजे ज्याला तुम्ही पाल्हाळ म्हणताय तेच सगळं, फक्त तुमच्या नजरेआड. आणि ईएक्सटी४ माउंट असताना लहान होत नाही म्हणजे नाही, त्यामुळे सर्व्हिस बंद करण्याची वेळ घ्यावीच लागते. रूट (ज्यावर सिस्टिमच चालते तो व्हॉल्यूम) असेल तर रेस्क्यू मोडशिवाय गत्यंतर नाही. शेवटाकडचे ब्लॉक सुरुवातीकडे हलवायचे असतात, भरलेल्या डिस्कवर त्याला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही आणि मधेच लाइट गेली तर काय, म्हणून बॅकअप. यात घाबरवणं कुठे आलं?

आता एक्सएफएस. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून, म्हणजे २०१४ पासून, तिथे तीच डिफॉल्ट आहे आणि एक्सएफएस लहान होत नाही. (नव्या कर्नलमध्ये अगदी शेवटचा रिकामा तुकडा कापायची एक्सपेरिमेंटल सोय आलीये, पण प्रॉडक्शनवर तिच्या भरवशावर कोण राहणार.) सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला तरी त्याची मशीन्स अजून ढिगाने चालू आहेत आणि त्यांच्या इन्स्टॉलरचं ऑटोमॅटिक पार्टिशन मोठ्या डिस्कवर रूटला ५० जीबी देऊन उरलेलं सगळं /होमला (युजरांच्या फाइलींची जागा) द्यायचं. मग रूट भरतो, /होम रिकामा पडलेला असतो, आणि माणूस म्हणतो चला /होममधून काढून रूटला देऊ. -आर लावून बघतो, तो सांगतो एक्सएफएस लहान करता येत नाही. इथे थांबायला हवं. पण माणूस गूगल करतो, कुणीतरी लिहिलेलं असतं की -आर काढून टाक, तो काढतो, एलव्हीएम विचारतो की डेटा नष्ट होऊ शकतो, नक्की करू का, आणि हा वाय दाबतो. पुढच्या माउंटला एक्सएफएस उघडत नाही. नवीन व्हर्जनचा एलव्हीरिड्यूस फाइलसिस्टिमचा साइझ तपासून आधीच अडवतो, पण जुन्या मशीनवर ते संरक्षण नाही आणि लोक चालवतात ती जुनीच मशीन्स. अशा वेळी खरा रस्ता कंटाळवाणा आहे: एक्सएफएसडम्पने /होम दुसरीकडे काढा, तो डम्प परत वाचता येतोय का बघा, व्हॉल्यूम उडवून लहान बनवा, एक्सएफएसरिस्टोअर करा.

स्नॅपशॉटचं तर गणितच चुकतंय. एक तर तो त्याच व्हीजीत असतो, डिस्क गेली की दोघं एकदम गेले. त्याला दिलेली जागा भरली की तो बाद होतो. आणि मुख्य म्हणजे साध्या, थिन (लागेल तशी जागा घेणारा) नसलेल्या व्हॉल्यूमवर स्नॅपशॉट लावलेला असेल तर एलव्हीएम तो मूळ व्हॉल्यूम लहान करूच देत नाही, सरळ नकार देतो, आणि वाढवायचा तरी आधी डीॲक्टिव्हेट करा म्हणतो. म्हणजे "स्नॅपशॉट काढा आणि कमी करा" हा तुमचा उपाय पहिल्याच पायरीवर अडकतो. पॅकेज अपग्रेडच्या आधी किंवा चालू डेटाचा बॅकअप घेताना स्नॅपशॉट छान आहे, मी पण वापरतो, पण या कामाला तो नाही.

आणि तो स्नॅपशॉट काढायला जागा कुठून आणणार, तुम्ही तर +१००%फ्री मारून व्हीजीतली सगळी मोकळी जागा संपवून ठेवलीय! म्हणून मी मोकळी जागा ठेवा म्हणतो. वाढवणं दोन मिनिटांचं, कमी करणं जिवावरचं (किंवा एक्सएफएसवर अशक्य), तर जागा देताना हात आखडता ठेवलेला काय वाईट. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर पण हेच करतो, व्हीजी २० ते २०० जीबीमधला असेल तर रूटला निम्मी जागा देतो, २०० च्या वर असेल तर फक्त १०० जीबी. लोक ओरडतात "५०० ची डिस्क घेतली आणि डीएफमध्ये १०० दिसते" (डीएफ म्हणजे फाइलसिस्टिमची जागा दाखवणारी कमांड), पण जागा कुठे गेलेली नसते, व्हीजीएस चालवा, तिथेच पडलेली दिसेल.

शेवटी ज्यांनी ते वाय दाबून झालंय त्यांच्यासाठी, कारण प्रतिक्रियांमध्ये अजून एकाने तेच विचारलंय. व्हॉल्यूम नुसता कापला गेला की बऱ्याचदा फक्त एलव्हीएमच्या नोंदी बदललेल्या असतात, डिस्कवरचा डेटा तसाच असतो. तर लगेच अनमाउंट करा, घाईत एफएससीके -वाय चालवू नका, मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन काही बनवू नका. जुन्या नोंदी /इटीसी/एलव्हीएम/आर्काइव्हमध्ये असतात, व्हीजीसीएफजीरिस्टोअर --लिस्टने बघा, चुकीच्या कमांडच्या अगदी आधीची नोंद निवडून रिस्टोअर करा, व्हॉल्यूम डीॲक्टिव्हेट करून परत ॲक्टिव्हेट करा आणि पहिल्यांदा रीड-ओन्ली माउंट करून बघा. नुसता एलव्हीएक्स्टेंड करून परत मोठा केला तर तेच एक्स्टेंट (डिस्कवरचे तुकडे) मिळतील याची खात्री नाही, म्हणून हा लांबचा रस्ता. कॉन्फिगमध्ये कुणी इश्यू_डिस्कार्ड्स (सुटलेली जागा पुसायला डिस्कला सांगणारी सेटिंग) १ करून ठेवलं असेल आणि डिस्क एसएसडी असेल तर मात्र अवघड आहे, कापलेला भाग बहुधा पुसला गेलेला असतो.

तुम्ही म्हणालात की येत्या रविवारी तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर /होम कमी करायचाय. त्याच्या आधी एलएसबीएलके -एफ आणि व्हीजीएसचा आउटपुट इथे टाका, ईएक्सटी४ निघाला तर तुमचीच कमांड चालेल, फक्त अनमाउंट करायची वेळ सगळ्यांना आधी कळवा.