टॅक्स कमी झाला, पण कुणाचा?

२० सप्टेंबर २०१९ आठवतोय? पणजीत जीएसटी कौन्सिलची मीटिंग होती आणि त्याच दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी कंपन्यांचा टॅक्स ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नवीन कारखाना काढणाऱ्याला तर १५. (२२ हवा तर बाकीच्या सवलती सोडायच्या, हेही खरं.) सेन्सेक्स एका दिवसात १९०० अंकांहून जास्त उसळला, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर नुसते फटाके. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावं लागेल हे सरकारनेच सांगितलेलं, पण ते भरून कुठून काढणार हे कुणी विचारलं नाही.

मग मे २०२०. लॉकडाऊन, कच्चं तेल मातीमोल, म्हणजे पेट्रोल स्वस्त व्हायला हवं होतं ना? सरकारने एका रात्रीत लिटरमागे पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये ड्युटी वाढवली. पंपावरचा भाव हलला नाही म्हणून बोंबाबोंब पण झाली नाही. शिवाय ती सगळी वाढ सेस आणि स्पेशल ड्युटीतली, जी केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावी लागत नाही, म्हणजे राज्यांना त्यातला छदामही नाही. पुढच्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली. कंपन्यांचं माफ केलेलं पंपावरूनच वसूल केलं असं मी म्हणत नाही, करोनात सगळंच कोसळलं होतं, पण पैसे कमी पडल्यावर हात कुणाच्या खिशात गेला ते बघा.

उरलेलं कर्जातून. २०२५-२६ च्या बजेटमध्ये सरकारकडे येणाऱ्या दर रुपयातले २४ पैसे उधारीचे आणि खर्चातले २० पैसे नुसत्या व्याजाचे. हे व्याज जातं कुणाला? बरंचसं बँका, एलआयसी, पीएफ यांना, म्हणजे फिरून माझ्यासारख्याला, ज्याची एफडी आहे पॉलिसी आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची ना एफडी ना पीएफ, पण मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी त्याही भरतात आणि मीही, दर अगदी सारखा.

आणि हो, त्याच बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत इन्कम टॅक्स शून्य झाला तेव्हा मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. तरीही त्या रुपयात इन्कम टॅक्सचे २२ पैसे आणि कंपन्यांचे १७, हा आकडा जरा जपून ठेवा.

आता 'देशात टॅक्स भरतात किती जण' वाले कमेंटमध्ये येतीलच. या, पण आधी मावशींच्या रिचार्जचा हिशेब करून या.