बस की रेल्वे ते नंतर, आधी स्टेशनबाहेरची जमीन बघा

रोज सकाळी स्टेशनवर उतरलं की प्लॅटफॉर्मवरून मला माझ्या ऑफिसची खिडकी दिसते, आतला पंखा फिरताना पण दिसतो, आणि तिथे पोचायला वीस मिनिटं लागतात! का, तर मध्ये पार्किंग, मग हायवे, मग कंपाउंड वॉल, आणि गेट एकच, तेही पार पलीकडच्या टोकाला. भिंतीत कोणीतरी दोन विटा काढून पाय ठेवायला जागा केलीय. काल एक आजी आधी पिशवी पलीकडे टाकून त्यावरून चढत होत्या. संताप होतो हो नुसता.

आणि तज्ज्ञ मंडळी भांडतायत कशावर, तर शहरात बस आणायची की रेल्वे. अरे पण उतरल्यावर आजूबाजूला काय असणार हे कोण विचारणार? प्लॅनिंगवाले धरून चालतात की माणूस बससाठी साधारण ४०० मीटर चालतो आणि रेल्वेसाठी ८००. ८०० मीटरचं वर्तुळ म्हणजे जवळपास २०० हेक्टर जमीन, बसच्या चौपट, रेल्वेचा मोठा फायदाच तो, आणि तुम्ही त्यातली सगळ्यात जवळची जमीन रॅम्प आणि पार्किंगमध्ये घालवता? हायवेच्या मधोमध रूळ टाकले की भूसंपादनाची कटकट नाही, म्हणून तिथेच टाकायचे, मग जन्मभर पायपीट आमची. एक गाडी उभी करायला आत-बाहेर करायच्या जागेसकट २५-३० चौरस मीटर जातात. दोन गाड्यांच्या जागेत एक कुटुंब राहील!

"बसचा मार्ग उद्या बदलेल, रूळ कोणी उचलून नेत नाही, म्हणून रेल्वेभोवतीच बांधकाम होतं" हे तर ऐकून ऐकून कान किटले. दोन मजल्यांच्या वर परवानगीच नसेल तर कोण येऊन बांधणार तिथे? ब्राझीलमधल्या कुरितिबात १९७४ पासून बसची स्वतंत्र लेन आहे, आणि त्यांनी त्याच रस्त्यांच्या कडेने उंच इमारतींना परवानगी दिली, बसवर शहर वाढवून दाखवलं. कॅनडात ओटावाने १९८३ मध्ये बससाठी वेगळा मार्ग काढला आणि २०१९ मध्ये त्यातल्या मुख्य भागात रेल्वे आणली. म्हणजे बसपासून सुरुवात करून पुढे रूळ टाकता येतात, पण स्टेशनभोवती एकदा हायवे आणि पार्किंग बसलं की ते हलवायला कोणी धजत नाही.

आता म्हणतायत उरलेल्या मोकळ्या जागेतही पार्किंगच वाढवणार. आणि ऑफिसच्या बाजूला दुसरं गेट मागितलं की उत्तर एकच, जागा नाही.